वर्गण्या महागल्या म्हणून पुन्हा भाड्याच्या डिस्ककडे वळावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणारे एक मराठी कुटुंब आहे: नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुले आणि सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या सासूबाई. घरात नेटफ्लिक्स, डिस्ने प्लस, एचबीओ मॅक्स आणि पीकॉक अशा चार वर्गण्या चालू आहेत आणि २०२५ या एकाच वर्षात त्या चारही महागल्या. पूर्वी नेटफ्लिक्सच्या लाल पाकिटातून टपालाने डिस्क येत असत, त्या स्वस्त पडत, ही आठवण प्रश्नकर्त्या ताईंच्या मनात ताजी आहे. म्हणून त्या विचारतात की, स्ट्रीमिंग सगळेच बंद करून पुन्हा डिस्क भाड्याने आणणे परवडेल का, आणि तशी सोय आता कुठे उरली आहे का.

मी २००७ पासून येथील एका सार्वजनिक ग्रंथालयात दृक्‌श्राव्य विभागाचे काम पाहते. डिस्क विकत घेणे, त्यांची निगा राखणे, खराब झालेल्या काढून टाकणे आणि स्ट्रीमिंगच्या कंपन्यांची बिले तपासणे ही माझी रोजची कामे असल्यामुळे या दोन्ही पद्धतींचा खर्च मी ग्राहकाच्या आणि खरेदीदाराच्या अशा दोन्ही बाजूंनी पाहिला आहे.

प्रथम सोयीविषयी सांगते, कारण ते पटकन सांगून होण्यासारखे आहे. घरोघरी डिस्क भाड्याने पुरवणारा मोठा धंदा अमेरिकेत आता उरलेला नाही. नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची पाकिटे टपालात टाकली आणि किराणा दुकानांच्या दारात डिस्क भाड्याने देणारी लाल यंत्रे उभी करणारी रेडबॉक्स २०२४ मध्ये दिवाळखोरीत बुडाली. सिएटलचे स्केअरक्रो व्हिडिओ हे ना-नफा तत्त्वावर चालणारे दुकान १ लाख ४० हजारांहून अधिक चित्रपटांचा संग्रह बाळगून आहे आणि टपालानेही डिस्क पाठवते, परंतु ते दुर्मिळ चित्रपटांच्या शोधात असलेल्यांसाठी आहे. आठवड्याच्या करमणुकीसाठी त्याचा टपालखर्च सोसण्यात अर्थ नाही. आपल्याला उपयोगी पडेल अशी डिस्क आज आहे ती आपल्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात, आणि तिला भाडे पडत नाही.

आता मूळ हिशेबाकडे येते. आपण कळवलेले प्लॅन पाहता नेटफ्लिक्सचे १७.९९, डिस्ने प्लसचे १८.९९, एचबीओ मॅक्सचे १८.४९ आणि पीकॉकचे १०.९९ मिळून महिन्याला कर सोडून ६६.४६ डॉलर जातात, म्हणजे वर्षाला ७९७.५२ डॉलर. हा आकडा पाहून छातीत धस्स होणे स्वाभाविक आहे, पण केवळ आकडा मोठा आहे म्हणून वर्गणी महाग ठरत नाही. मी आपल्याला गेल्या ९० दिवसांत घरात नेमके काय पाहिले गेले याची यादी करायला सांगितली होती, ती यासाठीच. आपल्या यादीत ११ चित्रपट आणि ३ मालिका आहेत, मुलांनी तेच तेच पाच-सहा ॲनिमेशनपट फिरून फिरून पाहिले आहेत, आणि पीकॉकपुढे काहीच लिहिलेले नाही. म्हणजे त्या तीन महिन्यांत १९९.३८ डॉलर गेले आणि त्यांपैकी जवळजवळ ३३ डॉलर न उघडलेल्या दारासाठी गेले.

आपल्या त्या ११ चित्रपटांची नावे मी आमच्या सूचीत एकेक करून शोधली. सात चित्रपट आमच्याकडे किंवा जोडलेल्या शेजारच्या ग्रंथालयांकडे डिस्कवर आहेत. दोन डिस्कवर आमच्याकडे नाहीत, परंतु वर्गणीशिवाय एकेकटे भाड्याने मिळतात. जुन्या चित्रपटाला असे भाडे साधारण ४ ते ६ डॉलर पडते, पाहायला सुरुवात करण्यास ३० दिवस मिळतात आणि एकदा सुरू केल्यावर बहुधा ४८ तासांत तो संपवावा लागतो. उरलेले दोन चित्रपट हे त्या त्या कंपनीने स्वतः काढलेले, डिस्कवर कधीच न आलेले आहेत. त्या दोन चित्रपटांसाठी आणि तीन मालिकांसाठीच आपल्याला खरोखर वर्गणीची गरज होती.

यावरून माझे मत असे बनले आहे की, स्ट्रीमिंग की डिस्क हा प्रश्न कुटुंबाला एकदाच आणि सरसकट विचारून चालत नाही; तो प्रत्येक कलाकृतीला वेगळा विचारावा लागतो. जे एकदाच पाहायचे आहे आणि डिस्कवर निघालेले आहे ते ग्रंथालयातून आणावे. जे मुले पन्नास वेळा पाहणार आहेत त्याची डिस्क सरळ विकत घ्यावी, जुनी मिळाली तर अधिक चांगले. जे फक्त एका कंपनीच्याच घरी आहे त्यासाठी त्या कंपनीची वर्गणी भरावी, पण तेवढ्यापुरतीच.

हे तेवढ्यापुरते भरणे जमवायचे कसे, तर एका वेळी एकच वर्गणी चालू ठेवून. चारही सेवा प्रत्येकी तीन महिने, एकीमागून एक घेतल्या तर वर्षाचा खर्च १९९.३८ डॉलरवर येतो, म्हणजे आज आपण तीन महिन्यांत जेवढे देता तेवढ्यात सबंध वर्ष निघते आणि ५९८ डॉलर वाचतात. बहुतेक मालिकांचे सगळे भाग काही आठवड्यांत येऊन पडलेले असतात, त्यामुळे थोडे थांबणाऱ्याचे काही बिघडत नाही. नोंदणी केली त्याच दिवशी ती रद्द करण्याचे बटण दाबून ठेवावे, असे मी सर्वांना सांगते. पैसे भरलेली मुदत संपेपर्यंत सेवा सहसा चालूच राहते आणि पुढच्या महिन्याचे पैसे आपल्या नकळत कापले जात नाहीत. पाहायच्या राहिलेल्या गोष्टींची यादी मात्र त्या सेवेच्या ॲपमध्ये न ठेवता स्वतःच्या वहीत ठेवावी, कारण खाते बंद असताना ती ॲपमधून पाहता येत नाही. जाहिराती चालत असतील तर खर्च आणखी खाली येतो. नेटफ्लिक्सचा जाहिरातींचा प्लॅन जानेवारी २०२५ च्या वाढीनंतर ७.९९ डॉलरला होता. परंतु ज्या घरात लहान मुले आहेत तिथे जाहिरातींची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही, हे मी आई म्हणूनही सांगू शकते.

दर वाढतातच का, आणि डिस्कचे तसे का नव्हते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा निर्णय नीट होणार नाही, म्हणून थोडे मागे जाते. जुलै २०११ मध्ये नेटफ्लिक्सने जी वाढ जाहीर केली ती माझ्या कामाच्या पहिल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी घटना होती. तोवर ९.९९ डॉलरमध्ये एका वेळी एक डिस्क आणि हवे तेवढे स्ट्रीमिंग असे दोन्ही मिळत असे. कंपनीने त्याचे दोन तुकडे केले आणि प्रत्येकाला ७.९९ डॉलर लावले, म्हणजे दोन्ही हवे असणाऱ्याला १५.९८ डॉलर, तब्बल ६० टक्के वाढ. सप्टेंबरमध्ये डिस्कचा धंदा क्विकस्टर या नावाने वेगळा करण्याची घोषणा झाली आणि लोकांचा संताप पाहून १० ऑक्टोबरला ती मागेही घेण्यात आली, परंतु त्या एका तिमाहीत कंपनीने अमेरिकेतले सुमारे ८ लाख ग्राहक गमावले. त्या उन्हाळ्यात आमच्या ग्रंथालयातली डिस्कची मांडणी शुक्रवारी संध्याकाळी अर्धी रिकामी होऊ लागली आणि वर्षानुवर्षे न आलेली माणसे मुदत संपलेली कार्डे घेऊन काउंटरवर उभी राहू लागली.

त्या वाढीमागचे कारण कायद्यात आहे. अमेरिकेच्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात पहिल्या विक्रीचे तत्त्व आहे. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पुस्तकाच्या खटल्यात ते मान्य केले आणि आज ते कायद्याच्या कलम १०९ मध्ये आहे. कायदेशीर प्रत एकदा विकली गेली की ती पुढे कोणाला विकायची, द्यायची किंवा भाड्याने लावायची हे ठरवण्याचा हक्क प्रत घेणाऱ्याचा असतो. यामुळेच व्हिडिओ लायब्ऱ्या उभ्या राहू शकल्या. संगीताच्या ध्वनिमुद्रिका व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्यास १९८४ मध्ये कायद्याने मनाई झाली, चित्रपटांना ती झाली नाही. अमेरिकेत गल्लोगल्ली चित्रपट भाड्याने मिळत असत आणि गाण्यांच्या सीडी मिळत नसत, त्यामागे ही तरतूद होती.

या तत्त्वाची ताकद रेडबॉक्सच्या एका प्रसंगातून जितकी स्पष्ट होते तितकी क्वचितच कशातून होत असेल. एका रात्रीला १ डॉलर हा त्यांचा दर डिस्कच्या विक्रीला मारक ठरतो, असे काही मोठ्या स्टुडिओंना वाटले आणि त्यांनी नवे चित्रपट रेडबॉक्सला लगेच पुरवू नयेत असे घाऊक विक्रेत्यांना सांगितले. त्यावर रेडबॉक्सची माणसे वॉलमार्टसारख्या दुकानांत जाऊन, चारचौघांसारखी रांगेत उभी राहून, तीच डिस्क किरकोळ भावाने विकत घेत आणि यंत्रात भरत. डिस्क देण्यास स्टुडिओ नकार देऊ शकत होते. घेतलेली डिस्क भाड्याने लावण्यास मनाई करू शकत नव्हते. पुढे वाद तडजोडीने मिटले. रेडबॉक्सचेही दर वाढले, २०११ च्या ऑक्टोबरअखेर १.२० डॉलर आणि २०१४ च्या डिसेंबरात दीड डॉलर झाले, परंतु ती वाढ संथ होती, कारण डिस्कचा मालक कोण हा प्रश्न तिथे नव्हताच.

स्ट्रीमिंगमध्ये विकत घेण्यासारखी प्रत नसते. तिथे असतो मुदतीचा परवाना, आणि मुदत संपली की मालक नवा भाव सांगतो किंवा परवानाच नाकारतो. त्याच २०११ च्या १ सप्टेंबरला स्टार्झ वाहिनीने नेटफ्लिक्सशी करार पुढे चालू ठेवणार नसल्याचे जाहीर केले आणि २०१२ च्या फेब्रुवारीअखेर त्यांचे चित्रपट स्ट्रीमिंगमधून नाहीसे झाले. टपालाने येणाऱ्या डिस्कमधले मात्र तसेच राहिले. पुढे स्टुडिओंनीच स्वतःच्या सेवा काढल्या. डिस्ने प्लस नोव्हेंबर २०१९ मध्ये ६.९९ डॉलरला सुरू झाली आणि तिचा जाहिरातींविना दर आज आपण १८.९९ भरत आहात. जे एके काळी एका छपराखाली होते ते चार घरांत वाटले गेले आणि प्रत्येक घराला आपला खर्च भागवायचा आहे. म्हणूनच दर पुन्हा खाली येतील या आशेवर आपण थांबू नये असे मला मनापासून वाटते.

हाच परवान्याचा जाच ग्रंथालयांनाही आहे, आणि तो वाचकांना माहीत असावा. ग्रंथालयाच्या कार्डावर हूप्ला आणि कॅनोपी या स्ट्रीमिंग सेवा आपल्याला विनामूल्य मिळतात. आपल्या ग्रंथालयात त्यांपैकी कोणती आहे ते अवश्य विचारा. परंतु आपण हूप्लावर एखादा चित्रपट सुरू करता तेव्हा दर वेळी ग्रंथालयाच्या खात्यातून पैसे जातात. खर्च आवाक्याबाहेर गेल्यामुळे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१९ मध्ये कॅनोपी बंद केली. याउलट मी वीस-पंचवीस डॉलरला घेतलेली एक ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्र देणारी डिस्क शंभर घरी जाऊन येते आणि शंभराव्या वेळी तिचा खर्च काही सेंटांवर आलेला असतो. म्हणून जे डिस्कवर उपलब्ध आहे ते डिस्कवरच घ्यावे आणि हूप्ला-कॅनोपीची महिन्याची मर्यादा डिस्कवर न मिळणाऱ्या चित्रपटांसाठी राखून ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

ग्रंथालयातून डिस्क नेण्याची रीत सोपी आहे. घरबसल्या सूचीत नाव शोधून ती डिस्क आपल्या नावावर राखून ठेवण्याची मागणी नोंदवता येते. शेजारच्या गावातली असली तरी ती आपल्या शाखेत आणून ठेवली जाते. नव्या चित्रपटाला रांग असते आणि कधीकधी महिनाही जातो. त्यामुळे आज वाटले आणि आज पाहिले असे होत नाही. परंतु एका वेळी आठ-दहा मागण्या नोंदवून ठेवल्या तर दर आठवड्याला काही ना काही येतच राहते. पाहण्याची मुदत बहुतेक ठिकाणी आठवडाभर असते. विलंबाचा दंड अनेक ग्रंथालयांनी काढून टाकला आहे, पण मागे रांगेत कोणीतरी ताटकळत असते, हे लक्षात असू द्यावे.

डिस्क हातात आल्यावर काय पाहावे हे मी सविस्तर सांगते, कारण ‘अडकली’ म्हणून परत येणाऱ्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्क बिघडलेल्या नसतात, केवळ मळलेल्या असतात. डिस्क कडेने आणि मधल्या भोकात बोट घालून धरावी, दिव्याखाली तिरकी करावी आणि चमकती बाजू सावकाश फिरवून पाहावी. बोटांचे ठसे किंवा तेलकट डाग दिसले तर चष्म्याच्या मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे, चाकाच्या आऱ्यांसारखे सरळ पुसावे. गोल गोल कधीही पुसू नये. आऱ्यासारखा बारीक ओरखडा प्लेअर सहसा सांभाळून घेतो, कारण त्याखाली प्रत्येक फेरीतला अगदी थोडा मजकूर, म्हणजे चित्राची आणि आवाजाची नोंद, बिघडतो आणि डिस्कवरच जादा नोंदलेल्या दुरुस्तीच्या संकेतांवरून तो पुन्हा जुळवता येतो. गोलाईने गेलेला ओरखडा मात्र सलग मजकूर झाकतो आणि चित्र तिथेच थिजते.

डीव्हीडीत मजकुराचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, त्यामुळे वरचा थर घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्रातून मी अशा अनेक डिस्क वाचवल्या आहेत. ब्लू-रेत तो थर अवघा ०.१ मिलिमीटर आत असतो. त्यावर कठीण लेप असल्याने ती सहजासहजी ओरखडत नाही, पण खोल ओरखडा गेला तर घासून दुरुस्त करायला जागाच उरत नाही. म्हणून मुलांच्या हाती देण्यासाठी विकत घ्यायच्या डिस्क डीव्हीडीच असाव्यात, असे मी सुचवते. त्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात आणि दुरुस्तही होतात.

चित्राच्या दर्जाविषयी आपण विचारलेले नाही, तरी एवढे सांगते की डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ४८० बिंदूंचे असते आणि आजच्या मोठ्या टीव्हीवर ते मऊ दिसते. ब्लू-रेचे चित्र मात्र स्ट्रीमिंगपेक्षा बहुधा सरस असते. फोर-के, म्हणजे अतिस्पष्ट चित्राच्या स्ट्रीमिंगसाठी नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिटच्या इंटरनेट जोडणीची शिफारस करते, आणि फोर-के डिस्कवरून सेकंदाला १०० मेगाबिटहून अधिक मजकूर येऊ शकतो. अंधारातली दृश्ये आणि धुके यांत हा फरक डोळ्यांना जाणवतो.

प्लेअर घेताना केवळ डीव्हीडीचा न घेता ब्लू-रेचा घ्यावा, तो दोन्ही चालवतो. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर आणणे थांबवले, तेव्हा निवड पूर्वीइतकी राहिलेली नाही, पण जुन्या वस्तूंच्या दुकानात चालू स्थितीतला प्लेअर अजूनही थोडक्या पैशांत मिळतो. घेण्यापूर्वी तो विजेला जोडून, कप्पा दोन-तीनदा उघडझाप करून आणि एखादी डिस्क शेवटच्या प्रकरणापर्यंत पुढे नेऊन पाहावी.

आता सासूबाईंचा प्रश्न. आपण लिहिले आहे की त्यांनी सांगलीहून मराठी नाटकांच्या व्हीसीडी आणि काही डीव्हीडी आणल्या आहेत, त्या आपल्या मैत्रिणीकडच्या प्लेअरवर चालल्या नाहीत आणि म्हणून केवळ त्यांच्यासाठी पाचवी वर्गणी घेण्याचा विचार आहे. ती घेण्यापूर्वी थोडे थांबा. डीव्हीडीसाठी जगाचे क्रमांकाने विभाग पाडलेले आहेत आणि प्लेअर सहसा आपल्याच विभागाची डिस्क चालवतो; भारताच्या डीव्हीडीचा विभाग पाच आणि अमेरिकेचा एक. शिवाय टीव्हीच्या चित्राची पद्धतही वेगळी, भारतात पाल आणि इथे एनटीएससी. विभागाचे कुलूप नसलेली डिस्कही पाल असेल तर इथले पुष्कळ प्लेअर ती नाकारतात. व्हीसीडीला विभाग नसतो, पण पालची अडचण तिलाही आहेच. डिस्क बहुधा चांगल्याच असतील.

लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणि व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर बहुधा काम होते. व्हीसीडी आपोआप सुरू झाली नाही तर तिच्यातले ‘एमपीईजीएव्ही’ (MPEGAV) नावाचे फोल्डर उघडावे, आत ‘डीएटी’ (.DAT) अशा शेपटीची मोठी फाइल असते, तीच नाटकाची. ती व्हीएलसीत उघडावी आणि लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडावा. व्हीसीडीचे चित्र केवळ ३५२ बाय २८८ बिंदूंचे असल्यामुळे ते पडदाभर ताणू नये. मधोमध लहान चौकटीत ठेवले तर पात्रांचे चेहरे स्वच्छ दिसतात आणि नाटकात आवाज नीट आला म्हणजे बरेचसे काम भागते.